पेलारिनचे पणतू

अजेयचे डोळे घारे होते आणि कोलकात्यातल्या मराठी मंडळींनी त्याचा निकाल कधीच लावून टाकला होता. गणपतीला सगळे जमले की कुणीतरी हटकून म्हणायचं, "अस्सल कोकणस्थ हो, लपायचं नाही!" आडनाव करंदीकर, रंग गोरा, डोळे घारे, आणखी पुरावा कशाला हवा? आपल्या लोकांना डोळ्यांवरून गोत्रापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. अशा वेळी पुष्पाबाई तेवढ्या हसून विषय बदलायच्या. त्या मुळातच अबोल, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुष्पाबाई म्हणजे अजेयची आई. पण हे वाक्य दिसतं तितकं सरळ नाही. अजेय सहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला दत्तक दिलं होतं. घेणारे कुणी परके नव्हते. वडिलांचे सख्खे थोरले भाऊ श्यामकांत आणि त्यांची बायको मीना, त्यांना मूल नव्हतं. अजेयचे वडील प्रमोद आणि पुष्पा हावड्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचे, श्यामकांतांनी बेहालाला स्वतःचं घर बांधलेलं. होम झाला, आईवडिलांनी हातावर पाणी सोडलं, पंगती उठल्या आणि संध्याकाळी नव्या चपला घालून अजेय नदी ओलांडून बेहालाला आला. मीनाबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं, "मला आई म्हणायचं. तिला काकू."

घरातल्या घरात मूल दिलं की कुणाला काही होत नाही, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. मूल डोळ्यांसमोर तर राहतं! त्या मुलाच्या डोळ्यांसमोर काय राहतं, हे मात्र कुणी विचारत नाही. सुट्टीच्या दिवशी अजेयला हावड्याला नेलं की सुयश आईच्या मांडीत चिकटून बसलेला असायचा, धाकटी श्वेता पाळण्यात असायची आणि हा पाहुण्यासारखा खुर्चीवर, हातात चिवड्याची बशी. बशी रिकामी झाली की काकू आणखी घालायची. पाहुण्यांना घालतात तसं.

श्यामकांतांनी आणि मीनाबाईंनी त्याचं काही कमी केलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी शिकवलं, लग्न करून दिलं, घर नावावर केलं आणि एकामागोमाग एक निघून गेले. प्रमोदही गेले. अजेय बेहालाच्याच एका शाळेत गणित शिकवता शिकवता पन्नाशी ओलांडून गेला आणि पुष्पाबाई न्यू टाउनला सुयशच्या फ्लॅटवर राहायला गेल्या.

चार वर्षांपूर्वी त्या बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सुयश कंपनीच्या कामाला बंगळुरूला होता, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी अजेय त्यांच्या उशाशी बसला होता. भूल दिली की आपण उठणार नाही, असं बाईंच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

"अजू, एक सांगायचंय. माझ्या आईचं नाव शकुन नव्हतं. तेरेसा होतं."

मग त्या सांगतच गेल्या. तेरेसाचा बाप इटालियन, जाकोमो पेलारिन. बड्या लोकांच्या घरांतून रंगीत दगडांच्या चिपांची जमीन घालायचा. तेरेसाची आई लवकर गेली. लढाई लागली तसं सरकारनं शत्रूच्या देशातला म्हणून जाकोमोला उचलून उत्तरेकडच्या कुठल्याशा छावणीत नेलं, तो पुन्हा दिसला नाही. पोरगी नन्सच्या आश्रयाला राहिली. पुढे रेल्वेतल्या एका मराठी कारकुनानं घरच्यांशी भांडून तिच्याशी लग्न केलं. रीतीप्रमाणे नवऱ्यामुलानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं, शकुन. ते तांदूळ गोळा केले त्या दिवसापासून तेरेसा हे नाव त्या घरात कुणी उच्चारलं नाही.

"सुयशला नको सांगूस," पुष्पाबाई म्हणाल्या. "तो चेष्टा करेल."

अजेय घरी आला तो हवेत तरंगतच. बायकोला, आभाला, म्हणाला, "मला सांगितलं तिनं. सुयशला नाही, श्वेताला नाही. मला!"

"जवळ तूच होतास ना," आभा म्हणाली. आभाचं बोलणं असंच असतं, ती पोळ्या लाटता लाटता माणसाला जमिनीवर आणते. पण अजेय त्या दिवशी जमिनीवर यायला तयार नव्हता. आईनं फक्त त्याला म्हणून दिलेली ही पहिलीच गोष्ट होती.

ऑपरेशन नीट झालं आणि अजेय जाकोमोच्या मागे लागला. सुट्टीचा प्रत्येक दिवस चर्च, नाहीतर कबरस्तान. त्यानं पाद्र्यांच्या विनवण्या केल्या. कबरींच्या दगडांवरचं शेवाळं खरवडताना रखवालदारांच्या शिव्या खाल्ल्या. तेरेसाच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली तेव्हा भर ऑफिसात त्यानं त्या म्हाताऱ्या पाद्र्याला मिठी मारली. उत्तर कोलकात्यातल्या एका जुन्या हवेलीत तर खुद्द जाकोमोच भेटला. दिवाणखान्याच्या उंबऱ्यापाशी चिपांच्या जमिनीत पितळी अक्षरं बसवलेली, झिजून गुळगुळीत झालेली: जाकोमो पेलारिन. अजेय तिथेच मांडी घालून बसला आणि अक्षरांवरून हात फिरवत राहिला. घरमालकाला वाटलं, हा बिल्डरचा माणूस, जागा मोजायला आलाय. त्यानं चहा दिलाच नाही, उलट वकिलाला फोन लावला.

शेवटी इटलीच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या पाद्र्यानं उलट टपाली कळवलं की होय, हा जाकोमो आमचाच. आता गुपित पोटात ठेवणं अजेयला शक्यच नव्हतं. पुष्पाबाईंची परवानगी काढून त्यानं ते सगळ्यांना सांगून टाकलं.

सुयशनं अजिबात चेष्टा केली नाही. त्यानं मोबाईल काढला, आणि जेवणं व्हायच्या आत त्यानं शोधून काढलं की इटालियन माणसाच्या पणतवंडांनाही इटलीचं नागरिकत्व मागता येतं. सुयशच्या मुलाला शिकायला युरोपात जायचं होतं. त्या दिवसापासून सुयशचं पणजोबांवरचं प्रेम नुसतं उतू जायला लागलं. फ्लॅटच्या भिंतीवर इटलीचा नकाशा आला. रोममधली एक वकीलबाई ठरली. "दादा, शोध तू लावलास, आता धावपळ माझ्याकडे सोड," सुयश म्हणाला. "आईला पुढे करून सगळ्यांचा दावा एकत्रच टाकू."

अजेयनं जमवलेलं सगळं त्याच्या हवाली केलं. त्याला पासपोर्टचं काही पडलं नव्हतं. बेहालाहून श्यामबाजारला जायचं म्हटलं तरी त्याचे गुडघे कुरकुरायचे, तो कसला रोमला जातोय! त्याला एकच हवं होतं. जगातल्या कुठल्यातरी कोर्टात एकदा म्हटलं जावं की जाकोमोची तेरेसा, तेरेसाची पुष्पा आणि पुष्पाचा अजेय. बस, इतकंच. हावड्याच्या त्या खुर्चीवर बसलेल्या पोराला एवढं मिळालं असतं तरी त्यानं जन्मभराचा हिशोब मिटवला असता.

शकुन आणि तेरेसा एकच बाई, हे पटवायला वकीलबाईंना एक जबानी हवी होती. ती अजेयनंच दिली. इटालियनचं भाषांतर करणाऱ्या मीनाक्षी सेन नावाच्या बाई होत्या, त्यांच्यासमोर बसून त्यानं सगळा इतिहास बंगालीत सांगितला, बाईंनी तो इटालियनमध्ये उतरवला आणि सुयशनं दाखवलं तिथे अजेयनं सही केली. आपल्याच भावानं पुढे केलेला कागद कोण वाचून घेतो? दावा फेब्रुवारीत दाखल झाला आणि मार्च संपता संपता इटलीनं कायदाच बदलला: आता आजी-आजोबांपर्यंतच, पणजोबा चालणार नाहीत. आधी दावा टाकलेल्यांना तेवढा जुना कायदा. सुयशचा फोन आला, "बघितलंस? थोडक्यात वाचलो!" अजेयनं आनंदानं शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना डबाभर संदेश मिठाई वाटली.

तसलाच एक डबा घेऊन तो मीनाक्षीबाईंचे आभार मानायला गेला. बाई भारावल्या. "तुमच्यासारखी माणसं हल्ली कुठे मिळतात?" त्या म्हणाल्या. "स्वतःला एवढंसंही मिळणार नाही, आणि काकूंच्या मुलांसाठी चार वर्षं उन्हातान्हात हिंडलात."

"मिळणार नाही म्हणजे?"

"तुम्ही पुतणे ना त्यांचे? दाव्यात त्या आहेत, सुयशबाबू आहेत, त्यांची बहीण आहे." बाईंना त्याचा चेहरा दिसला आणि त्यांचा आवाज खाली आला. "जबानीतही तसंच आहे. ज्याचा दाव्यात काही फायदा नाही अशा माणसाची साक्ष कोर्टाला जास्त पटते, म्हणून वकीलबाई खूश होत्या. तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्ही तर माझ्यासमोर त्यांना सारखं काकू म्हणत होतात."

म्हणत होता खरा. चारचौघांत तो त्यांना काकूच म्हणायचा, सहाव्या वर्षापासून. आज्ञाधारक पोरगा!

त्यानं सगळं सांगितल्यावर मीनाक्षीबाईंनी मिठाईचा डबा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "ऐका. गुरुवारी वकीलबाई व्हिडिओ कॉलवर पुष्पादेवींशी स्वतः बोलणार आहेत. मुलं किती, हे त्या विचारणारच. एखादं नाव चुकून राहिलंय असं आईनंच सांगितलं, तर ते जुन्या दाव्यात घालायची खटपट त्या करतील. त्यानंतर मात्र काही होणार नाही."

अजेयनं रस्त्यात उभं राहूनच सुयशला फोन लावला. सुयश आधी चाचरला, मग वकिलावर ढकलून मोकळा झाला. "दत्तकाचं प्रकरण घातलं की दावा लांबतो म्हणे. तुला सांगणारच होतो."

"मला न सांगता माझ्याच तोंडून वदवून घेतलंस, मी पुतण्या आहे म्हणून! माझ्या सहीनं मलाच बाहेर काढलंस?"

"बाहेर कसलं, दादा? कायद्यानं तू काकांचाच मुलगा आहेस. बेहालाचं घर तुला मिळालं तेव्हा आम्ही कुणी आलो होतो का वाटा मागायला? घराच्या वेळी काकांचा आणि पासपोर्टच्या वेळी आईचा, असं कसं चालेल?"

मेलं ते वाक्य अगदी बिनतोड होतं, आणि इतकं बिनतोड वाक्य माणसाला ऐन वेळी सुचत नाही, ते आधी घोळवून ठेवावं लागतं. भावानं हे वाक्य घोळवून ठेवलं होतं, याचाच त्याला जास्त राग आला. त्यानं एवढंच विचारलं, "आईला माहीत आहे?"

"आईला यातलं काही माहीत नाही," सुयश घाईनं म्हणाला. "तिला कशाला त्रास?"

आणि गंमत बघा, एवढं सगळं ऐकूनही अजेयला त्या एका वाक्यानं धीर आला. आईला माहीत नाही. म्हणजे केलं ते सुयशनं केलं. गुरुवारी तिला विचारतील, ती खरं ते सांगेल, आणि सुयशचं तोंड बघण्यासारखं होईल.

"आधी जाऊन बोल त्यांच्याशी," आभा म्हणाली. "त्या घाबरट आहेत. त्यांना सांग, असं असं झालंय, माझं नाव घे म्हणून."

"मी शिकवू तिला? मुलं किती हे आईला शिकवायचं?"

"हो."

"मग त्या उत्तराचा मला काय उपयोग?" अजेय म्हणाला. "तिनं आपणहून म्हटलं पाहिजे." आभानं दुसऱ्यांदा समजावलं, तिसऱ्यांदा नाही. गणिताच्या मास्तरला उत्तर सांगितलेलं चालत नाही, हे ती लग्नापासून बघत आली होती.

गुरुवारी तो शाळेतून रजा घेऊन न्यू टाउनला गेला. सुयशनं दार उघडलं आणि नजर चुकवत "ये" म्हणाला. पुष्पाबाई ठेवणीतली टसर साडी नेसून जेवणाच्या टेबलापाशी बसल्या होत्या, समोर लॅपटॉप. पडद्यावर एका चौकोनात रोमची वकीलबाई, दुसऱ्यात मीनाक्षीबाई. "बरं झालं आलास," पुष्पाबाई म्हणाल्या. "मला एकटीला सुचत नाही." त्यांनी स्वतःच्या हातानं शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. अजेयला अगदी भरून आलं.

आधी वकीलबाईंनी त्याच्याकडून तेरेसाची गोष्ट पुन्हा ऐकली. तांदळाचं ताट, अंगठी, नवं नाव. त्यानं इतकं जीव ओतून सांगितलं की ती बाई लिहायचं थांबून ऐकत राहिली आणि शेवटी तिनं छातीवर हात ठेवून काहीतरी म्हटलं. मीनाक्षीबाईंनी खाली बघत त्याचं भाषांतर केलं, "त्या म्हणतात, असा पुतण्या असायला भाग्य लागतं."

सुयश भिंतीला टेकून उभा होता. अजेयनं आईकडे पाहिलं. त्या पडद्याकडे बघून हसल्या.

मग त्यांची पाळी आली. जन्म कुठे, लग्न कधी, नवऱ्याचं नाव. पुष्पाबाई बंगालीत सावकाश, नीट उत्तरं देत होत्या. मीनाक्षीबाईंचा आवाज एकदम जपून आला. "त्या विचारतायत, तुम्हाला मुलं किती?"

"दोन," पुष्पाबाई म्हणाल्या. "एक मुलगा, एक मुलगी."

त्या अडखळल्या नाहीत, की त्यांनी सुयशकडे बघितलं नाही. रेशनच्या दुकानात सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मीनाक्षीबाईंनी ते लगेच पुढे पोचवलं नाही. त्या मावशीला हाक मारावी तशा म्हणाल्या, "माशिमा, नीट आठवून सांगा. हे शेवटचंच विचारतायत. तुमच्या पोटी आणखी कुणी जन्मलं का?"

"नाही." आणि मग, जरा रागावूनच, "सुयशनं विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. दोनच."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. सुयश खोटं बोलला होता ते स्वतःला वाचवायला नव्हे, आईला वाचवायला. अजेयला आतून कुणीतरी सोलून काढल्यासारखं झालं.

वकीलबाईंना कुणाचा तरी फोन आला. पाच मिनिटं थांबा, असं खुणेनं सांगून त्या खुर्चीवरून उठल्या. मीनाक्षीबाईंनी स्वतःचा कॅमेरा बंद केला. सुयशनं पुढे होऊन इकडचा आवाज बंद केला आणि तो श्वेताला फोन करायला आतल्या खोलीत निघून गेला. जाताना त्यानं दार ओढून घेतलं. पडद्यावर रोममधली एक रिकामी खुर्ची तेवढी उरली.

"मी शेजारी बसलो होतो," अजेय म्हणाला. "माझ्याकडे एकदा बघितलंही नाहीस."

"बघितलं असतं तर बोलता आलं नसतं." पुष्पाबाई हातातला रुमाल उलगडत, घडी घालत होत्या. "तीन म्हटलं असतं तर ती बाई विचारणार, मग हा तिसरा इतके दिवस कुठे होता? काय सांगायचं मी तिला? पोटचा पोरगा उचलून जावेच्या ओटीत घातला, असं सांगू? त्यांच्या देशात असलं कुणी करत नसेल. काय म्हणेल ती मला?"

"खरं ते सांगायचं."

"खरं काय आहे त्यात सांगण्यासारखं?"

"मलाही तेच विचारायचंय." अजेयचा आवाज चढला. "चार वर्षं मी तुझ्या आजोबाला शोधत नव्हतो गं. तू कधीतरी एकदा मला आपला म्हणशील म्हणून हिंडत होतो, वेड्यासारखा. आता सांग. तुला दोन मुलगे होते. मलाच का दिलंस?"

या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसेल, असं त्याला वाटलं होतं. मोठ्यांचा शब्द, घराण्याची रीत, असलं काहीतरी त्या म्हणतील. पण पुष्पाबाईंनी पटकन उत्तर दिलं, जणू इतकी वर्षं कुणी विचारायचीच वाट बघत होत्या.

"सुयश फार रडायचा रे. माझ्यावाचून क्षणभर राहायचा नाही, उलटी होईपर्यंत रडायचा. त्याला कसा देणार? तू शहाणा होतास. तुला कुठेही ठेवलं तरी तू रडायचा नाहीस. म्हणून तुला दिलं."

अजेयच्या छातीतून एक विचित्र आवाज आला, आणि तो अर्ध्या पिकल्या केसांचा माणूस टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागला. त्यानं तोंड झाकलं नाही, आवरायचा प्रयत्नही केला नाही. टेबल हलत होतं, लॅपटॉप हलत होता.

पडद्यावर वकीलबाई परत येऊन खुर्चीत बसल्या. पुष्पाबाईंनी घाबरून त्याच्या पाठीवर हात ठेवला, पदर नीट केला आणि पडद्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला.

"शू, हळू रे," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "बाईंना ऐकू जाईल."